दऱ्यांचा दर्या झाला तेव्हा: जुन्या फायलींत अडकलेली मराठी

फुटाळाकाठ (मूळ धागा)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सरांच्या मुलीनं माझ्या हातात एक सीडी ठेवली. वर मार्करनं लिहिलेलं: 'बाबा, कविता, फायनल २'. सर काटोल तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. १९९९ साली त्यांचा एकुलता एक कवितासंग्रह निघाला, ५०० प्रती, नागपूरच्या महाल भागातल्या एका प्रेसमध्ये छापलेला. २००७ मध्ये सर गेले. घरात एकच प्रत उरली आहे आणि तिची मधली सोळा पानं वाळवीनं खाल्लेली. ताईंचं मागणं एवढंच होतं की बाबांच्या कविता मोबाइलवर वाचता याव्यात.

मी वेबसाइटी बनवतो. सोळा वर्षं झाली, हेच करून राहिलो आहे. वाटलं, दोन दिवसांचं काम. तीन महिने लागले. या तीन महिन्यांत आपल्या धंद्याविषयी जेवढा विचार केला तेवढा आधी कधीच केला नव्हता. ज्यांच्या घरी अशा सीड्या पडून आहेत असे बरेच जण इथं असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

फायली पेजमेकरच्या, म्हणजे पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, निघाल्या. मजकूर बाहेर काढला तर समोर नुसती रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. त्या काळात ज्यांनी काम केलं त्यांना कारण ठाऊक आहे. तेव्हाच्या फायलींत मराठी नसायचीच. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच होती, त्यांच्यावर देवनागरीची चित्रं बसवलेली. फॉन्ट काढला की मराठी गेली. शिवाय तो फॉन्ट चालायला संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात एक 'लॉक' खोचावा लागे. म्हणजे सरांच्या कविता वाचायच्या तर ते सॉफ्टवेअर हवं, तो फॉन्ट हवा आणि तो प्लॅस्टिकचा तुकडाही हवा. यातलं आज माझ्याकडे काहीच नव्हतं. फॉन्टची एक जुनी फाइल एका मित्राच्या हार्ड डिस्कवर सापडली, तेवढीच.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती. 'क'ला स्वतःचा क्रमांक मिळाला, मग फॉन्ट कुठलाही असो. पण विंडोजवर देवनागरी चालू लागली ती विंडोज २००० पासून, आणि छपाईसाठी पानं लावायच्या सॉफ्टवेअरात ती नीट बसायला आणखी बरीच वर्षं गेली. मधल्या काळातलं अख्खं मराठी लेखन, दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध, असल्या मुखवट्याच्या फायलींत आहे.

मी रूपांतराचा प्रोग्राम लिहायला बसलो. कोणत्या चिन्हाच्या जागी कोणतं अक्षर, याचा तक्ता एका दिवसात झाला. खरी मेहनत क्रमाची. जुन्या फॉन्टात जसं दिसतं तसं टाइप होई. 'शिक्षण' लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग श. युनिकोडमध्ये आपण जसं उच्चारतो तसं साठवतात, आधी श, मग वेलांटी. रफाराचं उलटं. 'कर्म'मध्ये जुन्या पद्धतीनं क, म आणि शेवटी वर रफार. युनिकोडमध्ये र मधल्या जागी, म च्या आधी. कित्येक अक्षरं तर पूर्ण नव्हतीच: अर्धा श आणि त्याला जोडलेला काना मिळून 'श'. म्हणजे प्रत्येक कान्याला विचारावं लागतं, बाबा तू आधीच्या अर्ध्या अक्षराचा दांडा आहेस की खरा काना?

हे सगळं जमलं, कविता वाचायला घेतल्या आणि एके ठिकाणी अडलो. सातपुड्याविषयीच्या कवितेत समुद्र आला होता. सातपुड्याच्या दऱ्यांचा माझ्या प्रोग्रामनं दर्या करून टाकला होता! आपल्या मराठीत 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' हे दोन वेगळे लोक आहेत. य आणि ह यांच्या आधी येणारा तो वळणदार अर्धा र हिंदीत नाही. युनिकोडमध्ये तो हवा असेल तर नुसता साधा र चालत नाही, नेहमीची रीत म्हणजे नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन मग हलंत द्यायचा. सरांच्या फाइलमध्ये ते चिन्ह बरोबर होतं. ज्यानं कुणी १९९९ मध्ये ते पान बसवलं त्यानं चोख काम केलं होतं. चूक माझ्या तक्त्याची. शाळेत हाच फरक सरांनी मला फळ्यावर शिकवला होता, तो त्यांच्याच कवितेत माझ्या हातून पुसला गेला. त्या रात्री झोप लागली नाही.

आता धंद्याबद्दल. आजवर मी दीडशेच्या वर साइट बांधल्या असतील. जुनी यादी काढून एकेक उघडून पाहिली. फ्लॅश या हलत्या चित्रांच्या तंत्रात केलेल्या गेल्या, कारण फ्लॅशच ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. मोठमोठ्या फ्रेमवर्कांवर, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यांवर, बांधलेल्यांपैकी बऱ्याच मोडल्या. इतवारीतल्या एका मिरची व्यापाऱ्यासाठी सुरुवातीच्या काळात केलेलं एक साधं एचटीएमएलचं (वेबपानांच्या मूळ भाषेतलं) पान मात्र आजही फोनवर पहिल्या झटक्यात उघडतं. सात किलोबाइटचं पान! त्यात हुशारी दाखवायला मला वेळच मिळाला नव्हता.

मी शिकलो ते धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत. तासाचे २० रुपये, आणि शिक्षक कुणी नाही. दुसऱ्याचं पान उघडायचं, 'सोर्स पाहा' दाबायचं आणि त्यानं काय केलंय ते बघत बसायचं. जगातल्या कुठल्याही माणसानं बांधलेलं पान मला आतून बघता येत होतं आणि कुणी मला हटकत नव्हतं. हे आपोआप झालेलं नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपातल्या भौतिकी संशोधन संस्थेनं वेबचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं, कुणाकडून एक पैसा रॉयल्टी न मागता. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. तो कागद निघाला नसता तर मी आज काय करत असतो, मला खरोखर सांगता येत नाही.

म्हणून सरांचा संग्रह मी साध्या एचटीएमएलमध्ये ठेवला आणि सोबत ईपब केलं. ईपब म्हणजे आत एचटीएमएलचीच पानं असलेली झिप फाइल. उद्या ईपब वाचणारं एकही ॲप उरलं नाही तरी झिप उघडून कविता वाचता येतील. वेबवर युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत (यूटीएफ-८) देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, तरी अख्खा संग्रह एका फोटोपेक्षा लहान आहे. प्रोग्रामचा कोडही खुला ठेवलाय. ताईंनी कवितांना क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार मुक्त परवान्यांपैकी 'श्रेय द्या, तसंच वाटा' हा परवाना दिला.

कुणाकडे अशा फायली असतील तर सांगा. आणि माझं काही चुकत असेल तर तेही.

महालचा जुळारी

भाऊ, वाचून लय बरं वाटलं. मी खिळे जुळवण्यापासून सुरू केलं, ट्रेडलवर, म्हंजे पायानं चालवाच्या छपाई यंत्रावर. मंग डीटीपी, संगणकावर पानं लावाचं काम, आलं तं तेही शिकलो. तुमी ज्याले चोख काम म्हणून राह्यले ते आमचं रोजचं होतं. त्या वळणाच्या र ची कळ वेगळी होती आन् ती चुकली तं प्रूफवाले गुरुजी पान फेकून देत.

पन एक गोष्ट तुमाले मालूम नसन. फाइल म्हंजे पुस्तक नोहे. ब्रोमाइड, म्हंजे फोटोच्या कागदावरचं छपाईचं पान, निघाल्यावर कवी यायचा, म्हनायचा हा शब्द बदला. पुन्हा प्रिंट काढाले पैसे लागत. मंग आमी तेवढाच शब्द दुसऱ्या तुकड्यावर काढून, ब्लेडनं कापून, गोंदानं चिकटवत होतो. तो शब्द पुस्तकात छापला गेला, फाइलमंदी जुनाच राह्यला. तुमची 'फायनल २' म्हंजे फायनल नोहे. छापलेलं पुस्तक समोर ठेवा आन् ओळ अन् ओळ ताळा करा.

दुसरं, ओळ मोठी झाली तं आमी हातानं एंटर मारत होतो, शब्द तोडून मधात आडवी रेघ टाकत होतो. ते सगळं तुमच्या मजकुरात आलं असन. पाहून घ्या.

फुटाळाकाठ

काका, तुम्ही माझ्या पायाखालची जमीन काढून घेतलीत, आणि बरं केलंत. मी फाइललाच मूळ धरून चाललो होतो. घरच्या प्रतीशी ताळा आजपासून सुरू करतो. रेघांचं तर अगदी खरं आहे, चाळीसच्या वर सापडल्या.

वाळवीनं खाल्लेल्या सोळा पानांचं काय करावं, हा प्रश्न आता जास्त मोठा झाला.

कानांनी वाचतो

मी जन्मापासून पाहू शकत नाही. संगणकावर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. तेही मुक्त सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणानं २००६ मध्ये सुरू केलेलं, मग दुसरा दृष्टिहीन तरुण त्याच्या जोडीला आला. आज ते मला मराठी वाचून दाखवतं आणि त्यासाठी मी एक रुपयाही दिलेला नाही.

जुन्या फॉन्टमधलं पान माझ्यापर्यंत कसं येतं ते सांगतो. तुम्हाला निदान फॉन्ट टाकला की मराठी दिसते. मला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं एकामागून एक ऐकू येतात. आणि पुस्तकाची पानं नुसती स्कॅन करून पीडीएफ केली असेल तर तेवढंही नाही. 'रिकामं पान' म्हणतं आणि थांबतं. माझ्यासाठी अख्खी ग्रंथालयं अशी रिकामी आहेत.

तुमचा संग्रह काल रात्री ऐकला. पहिल्यांदा आवाज हिंदी वळणाचा येत होता. तुमच्या पानावर भाषेची खूण नाही, तेवढी घालाल का? मराठी असं लिहिलेलं असेल तर वाचकयंत्र आपोआप मराठी आवाज निवडतं. मी हातानं बदलून घेतलं. 'चंद्र'मधला च आणि 'चाक'मधला च तरीही त्याला वेगळे करता येत नाहीत, पण कविता पोचल्या. सातपुड्याची दोनदा ऐकली.

फुटाळाकाठ

ही माझी चूकच. सोळा वर्षं साइट बांधतो आणि पहिल्याच ओळीत भाषा लिहायला विसरलो. आत्ता घातली. तिचा आणखी एक फायदा झाला: फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आता मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. एका शब्दाच्या खुणेनं तुमचा आवाजही बदलला आणि आमचा ल सुद्धा.

धंतोलीकर

धागा चांगला आहे, पण मी दुसरी बाजू मांडणार आहे. मी छोटा प्रकाशक आहे, वर्षाला चार-पाच पुस्तकं काढतो. कागद, छपाई, बांधणी, विक्रेत्याचं कमिशन, सगळं वजा जाता हातात काय उरतं ते मला विचारा. माझं एक पुस्तक बाजारात येऊन महिना झाला नव्हता, तोच त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरत होती. पाठवणारा मोठ्या अभिमानानं लिहीत होता, 'ज्ञान सगळ्यांचं आहे'. लेखिकेनं त्या पुस्तकासाठी सहा वर्षं घालवली होती. तिला मी काय उत्तर द्यायचं?

मुक्त, मुक्त म्हणताना लिहिणाऱ्याचं पोट विसरू नका. आणि 'तसंच वाटा' या परवान्यात उद्या कुणीही सरांच्या कविता छापून विकू शकतो, हे त्यांच्या मुलीला कुणी नीट समजावून सांगितलं का?

फुटाळाकाठ

दादा, तुमच्या लेखिकेच्या बाबतीत जे झालं ती चोरी आहे. तिला मी खुली संस्कृती म्हणणार नाही, आणि तसं म्हणणाऱ्याच्या बाजूनं कधी उभाही राहणार नाही. मुक्त परवाना म्हणजे ज्याचं आहे त्यानं स्वतःहून दिलेला. दुसऱ्याच्या वतीनं उदार होता येत नाही.

आपला कायदा १९५७ चा. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे. आधी ५० होती, १९९२ मध्ये ६० झाली. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये आपल्या सावनेरला गेले, त्यांचं लेखन कधीच सगळ्यांचं झालं. साने गुरुजी गेले १९५० मध्ये, त्यांचं १ जानेवारी २०११ पासून. सुरेश भट २००३ मध्ये गेले, त्यांच्या गझलांना २०६४ उजाडावं लागेल. आमच्या सरांच्या कविता २०६८ मध्ये मोकळ्या झाल्या असत्या. तोवर ती एक प्रत वाळवीनं शिल्लक ठेवली असती का, एवढाच प्रश्न आमच्यासमोर होता.

ताईंना सगळे परवाने मी वाचून दाखवले, दोन संध्याकाळी बसून. विकायला मनाई करणाराही एक आहे, तोही सांगितला. त्या म्हणाल्या, बाबांच्या कविता कुणी छापून विकायला निघाला तर मी पेढे वाटीन, फक्त त्यांचं नाव हवं आणि पुढच्या माणसाला त्यानं अडवू नये. 'तसंच वाटा'चा अर्थ नेमका तोच आहे. विका, पण कुलूप लावू नका.

कानांनी वाचतो

धंतोलीकरांचं दुःख मला समजतं. फक्त एक माहिती: २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात आमच्यासारख्यांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला वेगळी परवानगी लागत नाही. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश होता, २०१४ मध्ये. कायदा आमच्या बाजूनं आहे. अडतं ते फाइलपाशी. प्रकाशकानं युनिकोडमधली फाइल नीट जपून ठेवली असेल तर आमची प्रत एका दिवसात होते. नसेल तर कुणीतरी बसून अख्खं पुस्तक टाइप करतं.

परसोडी ते बर्डी

मी आयटी पार्कमध्ये नोकरीला लागून आठ महिने झाले. रोज मेट्रोनं येता-जाता हा धागा वाचत होतो. फुटाळाकाठदादांचा कोड उतरवून घेतला आणि त्यात एक गोष्ट सापडली. 'ॲ' दोन प्रकारे येतोय. अ वर चंद्र देऊनही होतो आणि त्याचं स्वतंत्र अक्षरही आहे, ते युनिकोडमध्ये २००८ ला आलं. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे. सारखी अक्षरं एक करायची जी नेहमीची प्रक्रिया आहे, सामान्यीकरण, तिच्यातही ते एक होत नाहीत. त्यामुळे 'ॲल्युमिनियमचा डबा' शोधला तर एक कविता सापडते, दुसरी नाही. मी चार ओळींची दुरुस्ती पाठवली आहे.

ऑफिसात मी ज्या कोडवर काम करतो तो कुणाला दाखवता येत नाही. स्वतःचं नाव असलेल्या या पहिल्या चार ओळी आहेत.

फुटाळाकाठ

दुरुस्ती घेतली, तुझं नाव यादीत घातलं. हे अक्षर मी शंभरदा टाइप केलं असेल, माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्यासारख्यांनी अशी कामं धरावीत असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या तरी आजोबांचं लेखन, गावाच्या वाचनालयाची स्मरणिका, काहीही. आपल्या पगाराच्या कामातला बहुतेक कोड पाच वर्षांत फेकला जातो. हा नाही जाणार.

काटोलची बाई

मी सरांच्याच शाळेत आता शिकवते. नववीच्या मुलांना त्यांच्या तीन कविता छापून दिल्या. परवानगी मागायला ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, परवान्यात लिहिलंय की, मागायची गरज नाही. मुलांनी वऱ्हाडी शब्दांची यादी काढली. 'तिफन', 'डवरा', 'ढोला' हे शब्द घरी आजीला विचारून अर्थ लिहून आणले. एका मुलीनं 'डवरा'चं चित्र काढलं. ही यादी संग्रहाच्या मागे जोडता येईल का? मुलांची नावं मात्र टाकू नका, फक्त इयत्ता लिहा.

फुटाळाकाठ

जोडतो, आजच. चित्रही पाठवा.

धंतोलीकर

दोन दिवस विचार केला. नव्या पुस्तकांना मी हा परवाना लावणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण माझ्या कपाटात अशी तीन पुस्तकं आहेत ज्यांची आवृत्ती संपून पंधरा वर्षं झाली. मी ती पुन्हा छापणार नाही, हे मलाही माहीत आहे आणि लेखकांनाही. दोघे हयात आहेत. त्यांच्याशी बोलतो. फायली माझ्याकडे आहेत, पण उघडत नाहीत, लॉक केव्हाच हरवला.

नव्या पुस्तकांपुरतं एक ठरवलं. यापुढे छापखान्याकडून पीडीएफसोबत युनिकोडमधला मजकूरही मागून घेणार आणि जपून ठेवणार.

महालचा जुळारी

धंतोलीकर साहेब, लॉक माह्याकडे हाये. जुन्या संगणकासकट हाये, विंडोज ९८ चा. दर दिवाळीले पुसून ठेवतो, चालू होते.

आन् फुटाळाकाठ भाऊ, तुमाले एक सांगाचं होतं. त्या संग्रहाचं नाव तुमी लिहिलं नाई, पन काटोलचे सर, १९९९, महालातली प्रेस, म्हंजे कोनती ते मी समजलो. मी तिथंच होतो. माळ्यावर चढून पाह्यलं. प्रूफाची एक प्रत भेटली, सगळ्या पानांची. सरांच्या हातच्या लाल शाईतल्या दुरुस्त्या हायेत. तुमची सोळा पानं बी हायेत. सातपुड्याच्या कवितेत त्याइनं शेवटची ओळ बदलली होती, ती मीच ब्लेडनं कापून चिकटवली.

फुटाळाकाठ

काका, ताईंना आत्ताच फोन केला. त्यांना बोलवेना. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं येतो. स्कॅनर मी घेऊन येतो, प्रूफ घराबाहेर नेणार नाही. धंतोलीकर दादा, तुम्हीही तुमच्या सीड्या घेऊन या.